अदबीने बोलणारा राक्षस

बोडीटोल्याच्या लटारूने चौतीस वर्षे राक्षसाचे सोंग घेतले, आणि या चौतीस वर्षांत तो रंगमंचावर एकदाही ओरडला नाही.

शेजारच्या गावांतील राक्षस ओरडत असत. ते पाय आपटत, डोळे गरगर फिरवत, घसा खरवडून हसत आणि दुसऱ्या दिवशी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत बसत. लटारू त्यांना पाहायला मुद्दाम जात असे. दोन्ही हात छातीवर बांधून तो सगळ्यांच्या मागे उभा राही आणि परतीच्या वाटेवर सोबत्यांना एवढेच म्हणे, "बैल हाकलून राह्यला होता बिचारा." याहून अधिक बोलण्याची त्या राक्षसांची लायकी आहे, असे त्याला कधी वाटले नाही.

बोडीटोला हे ब्रह्मपुरीपासून जीपने पाऊण तासाच्या अंतरावरचे, वैनगंगेच्या अलीकडचे गाव आहे. दिवाळी सरली की तेथे मंडई भरते. मंडई म्हणजे एका दिवसाची जत्रा. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, जिलेबीची आणि बांगड्यांची दुकाने लागतात, आणि दुपारी दोनच्या सुमारास दंडार सुरू होते. गावातल्याच माणसांनी गावासाठी सोंगे घेऊन केलेले नाटक म्हणजे दंडार. सोंग घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाचता येत नाही. म्हणून पोचू शिंपी रंगमंचापुढच्या खड्ड्यात वही घेऊन बसतो आणि एकेक वाक्य हळूच वर टाकतो. वरच्याने ते उचलायचे आणि आपल्या सोंगाला शोभेल अशा तोंडाने बोलायचे. वाक्य वहीचे आणि बोलणे ज्याचे त्याचे, असा तेथला रिवाज आहे.

पोचू खालून म्हणे, "तुला मी खाऊन टाकतो." लटारू ते वाक्य ऐकून घेई. मग तो दोन पावले पुढे येई, समोरच्या गावकऱ्याच्या डोळ्यांत न पाहता त्याच्या कानाच्या वर कोठेतरी पाही, दातांतून थोडा श्वास आत ओढी आणि अत्यंत मृदू आवाजात म्हणे, "आपण बसून घ्यावे. घाबरण्याचे कारण नाही. प्रथम आपला डावा हात घेण्यात येईल. उजव्या हाताबाबत यथावकाश कळविण्यात येईल."

लोक आधी हसत. मग हसू हळूहळू थांबे. पुढच्या रांगेतली पोरे आईच्या मांडीकडे सरकत. राक्षसाने सावज निवडायला खाली प्रेक्षकांत उतरायचे आणि प्रेक्षकांनी त्याच्याशी बोलायचे, हाही एक रिवाज आहे. मात्र लटारू खाली उतरला की बोलायला कोणी धजत नसे. शहाणी माणसेसुद्धा खाली मान घालून पायाजवळची माती उकरत.

हा आवाज त्याला कोठे मिळाला, हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. लटारू विशीत असताना कालव्याच्या मोजणीसाठी एक साहेब आला होता. त्या साहेबाने कोणाला शिवी दिली नाही, कोणावर हात उगारला नाही. लटारूच्या बापाला तो "आपण" म्हणाला. जन्मात प्रथमच कोणी तरी आपल्याला "आपण" म्हटले, याचे त्या भोळ्या माणसाला इतके कौतुक वाटले की त्याने साहेबाला खाटेवर बसवून मोहाच्या फुलांची भाकर खाऊ घातली. पुढे कालवा बरोबर त्यांच्या बोडीतून, म्हणजे मासोळी आणि धान दोन्ही देणाऱ्या त्यांच्या लहान तळ्यातून गेला. बदल्यात दुसरी जागा मिळणार होती. त्या जागेसाठी बापाने अकरा वर्षे कचेरीच्या खेपा घातल्या. लटारू सोबत असे. बाकावर बसून बसून त्याने तो आवाज पाठ केला. कचेरीत साहेब बदलत गेले, आवाज मात्र तोच राहिला. बाप वारला त्या वर्षी गावाने लटारूला राक्षसाचे सोंग दिले आणि त्याने तोंड उघडताच सगळ्या मंडईला तो राक्षस ओळखीचा वाटला.

एरवी लटारू दुसऱ्यांच्या तळ्यांत जाळे टाकत असे आणि जाळी विणत असे. त्याला गावात फारसे कोणी विचारत नव्हते. सोंग हीच त्याची इस्टेट होती. गेल्या होळीला त्याला सदुसष्ट पूर्ण झाली. गुडघे बोलू लागले होते. आणखी चार-पाच मंडया आपल्या हातात आहेत, असा हिशेब त्याने मनाशी केला होता, आणि त्यांतली एकही तो फुकट घालवणार नव्हता.

अशा वेळी प्रफुल आला.

प्रफुल हा दंडार मंडळाचे अध्यक्ष गुणवंतराव यांचा मुलगा. पुण्यात तो संगणकाच्या कंपनीत होता आणि आता घरूनच काम करायची मुभा मिळाल्याने दसऱ्यापासून गावात होता. त्याने वडिलांना सांगितले की या वर्षीची दंडार तो स्वतः लिहील आणि बसवील. गुणवंतरावांना मुलाचे इतके कौतुक होते की त्याने मंडप उलटा बांधायला सांगितला असता तरी त्यांनी खांब उपटले असते.

पहिल्या तालमीला शाळेच्या ओसरीवर सगळे जमले. लटारूने सोबत जाळे आणि विणायची सुई आणली होती. ज्या बोलण्यात अर्थ नाही ते ऐकताना तो नेहमी जाळे विणत असे, त्यामुळे वेळ वाया जात नसे. प्रफुलने सांगितले की पुण्यात तो आणि त्याचे पाच मित्र दर शनिवारी एक खेळ खेळतात. टेबलाभोवती बसायचे, फासे टाकायचे आणि प्रत्येकाने एका काल्पनिक राज्यातले कोणी तरी व्हायचे. कोणी जादूगार, कोणी चोर, कोणी भुतांशी लढणारा. चार-चार तास त्याच माणसाच्या तोंडाने बोलायचे.

"दाढीमिशावाले माणसं?" लटारूने विचारले.

"हो काका. एकाला दोन मुलं आहेत."

"आन त्याची बायको काई म्हणत नाई?"

ओसरीवर हशा पिकला. राजकन्येचे सोंग घेणारी रंजीता पदर तोंडावर धरून हसली. ती बुधरी गोंडिणीची सून होती, गळा गोड होता म्हणून दोन लेकरांची आई असूनही राजकन्या तीच होत असे. प्रफुलही हसला, कारण आपण नाराज झालेले दिसता कामा नये, हे त्याला कोठे तरी शिकवले होते.

मग त्याने लॅपटॉप उघडला. त्यावर त्याने कोष्टक केले होते. प्रत्येक पात्राला स्वतःची बोली हवी, नाही तर सगळे एकाच तोंडाने बोलतात, असे तो म्हणाला. आधी पात्राचा मुलूख ठरवायचा. मग त्याला एक लकब द्यायची. मग एक लाडका शब्द, जो इतर कोणी वापरणार नाही. येथवर लटारूला त्यात काही चूक दिसली नाही. हे सगळे त्याने कोणत्याही कोष्टकाशिवाय बाकावर बसून केले होते. इतके साधे काम करायला या पोराला विजेवर चालणारे यंत्र लागते, याची त्याला कीव आली.

"राजपुत्र राजधानीतला आहे," प्रफुल म्हणाला, "म्हणून तो शुद्ध बोलेल. जादूगार सावकाश, अडखळत बोलेल. आणि राक्षस जंगलातला आहे, म्हणून तो झाडी बोलीत बोलेल. घोगऱ्या आवाजात. मले, तुले, काऊन, असं. मध्ये मध्ये रानातले दोन-चार शब्द. मस्त वाटेल."

लटारूची सुई थांबली.

"म्हणजे राक्षस आमच्यावानी बोलन."

"तुमच्यासारखं नाही काका. म्हणजे, कॅरेक्टर जिथलं, तिथली भाषा त्याच्या तोंडात हवी ना. तो जंगलात राहतो."

"जंगलात आमी राह्यतो."

"हो, पण तुम्ही राक्षस थोडेच आहात?"

"तेच म्हणून राह्यलो मी," लटारू म्हणाला. "आमाले ज्यानं ज्यानं खाल्लं, तो आमच्या बोलीत कधी बोलला काय? एक तरी नाव सांग. मी बापाच्या संगं अकरा साल फिरलो. मले त कोणी 'काऊन रे' म्हणून लुटलं नाई."

प्रफुलने मान डोलावली. ही मान कशी डोलते, ते लटारूला चांगले ठाऊक होते. ऐकून घेतले आणि मनावर घेतले नाही, याची ती खूण असते. प्रफुल म्हणाला की त्याचा मुद्दा फार छान आहे, पण नागपूरहून व्हिडिओ काढणारे मित्र येणार आहेत आणि त्यांना राक्षस राक्षसासारखा वाटला पाहिजे. काकांना नवी बोली जमत नसेल तर हरकत नाही, राक्षस तो स्वतः करील. काकांनी पहिल्या प्रवेशातला गावकरी करावा. त्याला राक्षस खातो.

पोचू शिंप्याने वही मिटली. गुणवंतराव खांबाकडे पाहू लागले. त्या खांबावर पाहण्यासारखे काही नव्हते.

"किती बोलायचं आहे गावकऱ्याले?" लटारूने विचारले.

"एकच वाक्य. 'अरे देवा, राक्षस आला.' मग पडायचं."

"बरं," लटारू म्हणाला आणि त्याने पुढची गाठ मारली.

घरी जाताना पोचू त्याला म्हणाला, "भाऊ, तुमी भांडाले पाह्यजे होतं." लटारू जाळे खांद्यावर टाकून चालत राहिला. ज्या पोराने आपल्या आजीच्या बोलीला राक्षसाच्या तोंडी घालताना एकदाही ती आजी बसते त्या घरच्या ओट्याकडे वळून पाहिले नाही, त्याच्याशी भांडायला तो आधी माणसात तरी मोजला गेला पाहिजे, असे लटारूचे मत होते. पण ती रात्र त्याला जड गेली, हेही खरे आहे. चौतीस वर्षांत प्रथमच मंडईच्या आधी त्याला पाठ करायला काही नव्हते.

मंडईच्या दिवशी दुपारी मंडप गच्च भरला. प्रफुलने अंगाला काजळ फासले होते, डोक्यावर शिंगे बांधली होती, आणि ती शिंगे चांगली होती, हे लटारूनेही मान्य केले असते. नागपूरच्या मित्रांनी तीन ठिकाणी कॅमेरे लावले. पहिल्या प्रवेशात लटारू डोक्यावर पागोटे आणि हातात काठी घेऊन गावकरी म्हणून आला. प्रफुल उडी मारून समोर आला आणि घोगऱ्या आवाजात गरजला, "काऊन बे, कुठी जाऊन राह्यला? मले लय भूक लागली."

"अरे देवा, राक्षस आला," लटारू म्हणाला आणि पडला. तो नीट पडला. काठी एका बाजूला, पागोटे दुसऱ्या बाजूला, तोंड प्रेक्षकांकडे. दिलेले काम त्याने काटेकोर केले. आपल्यात आणि या पोरात काय फरक आहे, तो एवढ्यावरूनच दिसावा अशी त्याची इच्छा होती.

मग राक्षस रिवाजाप्रमाणे सावज निवडायला प्रेक्षकांत उतरला. पुढच्याच रांगेत बुधरी बसली होती. प्रफुल तिच्यापुढे जाऊन गुरगुरला, "मले भूक लागली."

बुधरीने त्याच्याकडे नीट पाहिले. "सकाळपासून जेवला नाईस काय?" तिने विचारले.

प्रफुल क्षणभर गोंधळला. वहीत याचे उत्तर नव्हते. "मी माणसं खाऊन राह्यलो," तो म्हणाला.

"माणसं कायले खातं बापा," बुधरी म्हणाली. तिने मांडीवरच्या पिशवीतून मुरमुऱ्याचा लाडू काढून त्याच्या काजळ फासलेल्या हातावर ठेवला. "घे. आन घरी जाऊन भात खा. माय कुठी आहे तुही?"

मंडप हसून कोसळला. मागून कोणी तरी पाण्याचा तांब्या पुढे पाठवला. एका म्हाताऱ्याने त्याला बसायला जागा करून दिली. घरच्या बोलीत भूक लागली म्हणणाऱ्याला खाऊ घालायचे असते, घाबरायचे नसते, हे त्या मंडपातल्या लहान पोरालाही ठाऊक होते. पुण्याला गेलेल्या एका माणसाला तेवढे ठाऊक नव्हते. तो जितका गुरगुरे तितके लोक त्याला अधिक प्रेमाने बोलावीत. "इथी ये बाबू." "शिंगं काढ, गरमी होऊन राह्यली असन." शेवटी हातातला लाडू कोठे ठेवावा ते न कळल्याने प्रफुल तो तसाच धरून रंगमंचावर परतला.

"लटारूभाऊ," बुधरीने हाक मारली, "उठा आता. तुमच्या साहेबाले आना."

मग सगळेच म्हणू लागले. लटारू उठला नाही. मेलेल्याने उठायचे, असे त्याला कोणी सांगितले नव्हते. पापण्यांच्या फटीतून त्याला प्रफुलचे पाय दिसत होते. काजळाचा एक ओघळ नडगीवरून खाली आला होता. लटारूला दया आली नाही. जाळ्यात आलेल्या माशाला दया दाखवली तर ती माशाच्या कामाची नसते आणि कोळ्याच्याही नाही.

प्रफुल खाली वाकला आणि कुजबुजला, "काका, प्लीज. उठा ना. मला पुढचं सुचत नाही."

लटारूने डोळे मिटूनच दातांतून थोडा श्वास आत ओढला.

"आपली अडचण," तो म्हणाला, "आमच्या लक्षात आली आहे. आपला अर्ज ठेवून जावे. योग्य वेळी विचार करण्यात येईल."

आवाज मोठा नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मंडपात हसणे थांबले. जिलेबीच्या दुकानावरची झाऱ्याची खडखड ऐकू येऊ लागली. खड्ड्यात बसलेल्या पोचूने हे ओळखले आणि राक्षसाचे पुढचे वाक्य वर टाकले. ते प्रफुलकडे न टाकता त्याने ते पडलेल्या प्रेताकडे टाकले. प्रेताने ते उचलले आणि आपल्या मापाने बोलले. प्रफुल शिंगे घालून वर उभा होता, त्याने हात हलवायला सुरुवात केली. याखेरीज त्याला करण्यासारखे काही उरले नव्हते. अशा रीतीने उरलेले तीन प्रवेश झाले. राक्षस उभा होता आणि त्याचा आवाज जमिनीवर मरून पडला होता. राजकन्येला न्यायला आला तेव्हा तो आवाज म्हणाला, "बाईंनी सोबत काही घेण्याची आवश्यकता नाही. सर्व व्यवस्था आहे." रंजीता खरोखर दोन पावले मागे सरकली.

चौथ्या दिवशी मंडळाची बैठक गुणवंतरावांच्या पडवीत झाली. नागपूरच्या मित्रांनी टाकलेल्या व्हिडिओखाली लोकांनी खूप कौतुक लिहिले होते. मेलेल्या माणसाच्या तोंडून राक्षस बोलतो, ही दिग्दर्शकाची कल्पना अफाट आहे, असे कोणी तरी म्हटले होते. त्याची ही चूक प्रफुलने दुरुस्त केली नव्हती.

"पुढच्या वर्षीही असंच ठेवू," तो म्हणाला. "काका पडून बोलतील, मी उभा राहीन."

"पडून बोलायचं असन त माह्या घरी खाट आहे," लटारू म्हणाला. "सोंग माहं आहे. मी उभा राहून करन. नाई त दुसरा पाहा."

गुणवंतराव घाईने म्हणाले, "लटारूभाऊ, सोंग तुमचंच आहे. त्यात काई वाद नाई."

"मग मला शिकवा," प्रफुल म्हणाला. या वेळी त्याच्या बोलण्यात कोष्टक नव्हते. "तुमचे गुडघे किती वर्षं साथ देतील? तुमच्यानंतर कोण करणार?"

हा प्रश्न लटारूलाही पडत असे, आणि तो या तोंडून ऐकावा लागला, याचा त्याला राग आला. पण प्रश्न खोटा नव्हता. त्याने जाळे खाली ठेवले.

"कोणतीही कचेरी घे," तो म्हणाला. "तुहं खरं काम असन ते घेऊन जा. बाकावर बस. बोलू नको, फक्त आयक. एक वाक्य घेऊन ये. एकच. ते तुले बोलता आलं त पुढच्या साली शिंगं तुही."

मंगळवारी सकाळी प्रफुल उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मोटारसायकलवर तालुक्याला गेला. मंडळाचे लोक संध्याकाळी पडवीत जमणार होते. पण तो दुपारच्या जेवणाआधीच परत आला आणि ज्याला त्याला निरोप धाडून बोलावले. लटारू आला. पोचू आला. रंजीता शेतावरून येत होती, तीही डोक्यावरचा भारा ओट्याशी टेकवून थांबली.

"काका, सगळे फार चांगले निघाले," प्रफुल म्हणाला. त्याचा चेहरा उजळलेला होता. "मी अर्जावर नाव लिहिलं तर साहेब स्वतः बाहेर आले. 'गुणवंतरावांचे चिरंजीव ना?' म्हणाले. चहा पाजला. दहा मिनिटांत दाखला हातात. बाकावर बसूच दिलं नाही."

"आन वाक्य?"

"वाक्य काही मिळालं नाही. म्हणजे, 'साखर किती?' असं विचारलं."

पोचूने रुमालाने तोंड पुसले, तो बराच वेळ पुसत राहिला. लटारू हसला नाही. समोरच्या पोराकडे त्याने पाहिले आणि त्याला एवढे स्पष्ट दिसले की याला कोणी कधी बाकावर ताटकळत ठेवलेले नाही आणि पुढेही कोणी ठेवणार नाही, आणि म्हणून याच्या घशात तो आवाज कितीही वर्षे घालून ठेवला तरी मुरणार नाही. पाणी न लागलेल्या धानासारखा तो नुसता उभा राहील.

"तुह्या कामाचं सोंग नाई हे," लटारू म्हणाला. "तू जादूगार हो. अडखळत बोल. ते जमन तुले."

प्रफुल काही बोलणार होता. तेवढ्यात ओट्याशी उभी असलेली रंजीता बोलली. तिच्या सासूच्या वनजमिनीच्या पट्ट्यासाठी ती गेले वर्षभर कचेरीत जात होती. कधी लेकरू कडेवर घेऊन, कधी सकाळची पहिली जीप पकडून. हे सगळ्यांना ठाऊक होते आणि त्याबद्दल तिला कोणी कधी काही विचारले नव्हते. तिने प्रफुलच्या कानाच्या वर कोठे तरी नजर लावली आणि हसत, अगदी सावकाश म्हटले, "आपलं काम झाल्यातच जमा आहे हो. फक्त सही करणारे आज रजेवर आहेत. आपण असं करावं, पुन्हा एकदा सोमवारी यावं."

प्रफुलची खुर्ची मागे सरकली. आपण सरकवली, हे त्याला कळले नसावे. गुणवंतरावांनी पायाजवळची चप्पल जवळ ओढली.

लटारू तिच्याकडे पाहत राहिला. दंडारीत बाई राक्षस झाल्याचे बोडीटोल्यात कोणी ऐकले नव्हते, आणि हे गुणवंतराव आता बोलून दाखवणार, हेही त्याला दिसत होते. त्यांनी तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, "हसतानी दात दिसले तुहे. दात नाई दाखवायचे. ओठ मिटूनच हसायचं."

"बरं," रंजीता म्हणाली. तिने ओठ मिटले, पदर सारखा केला आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.